यादीत उरलेलं नाव

ऑफिसात चहा पिताना मुग्धाने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. एडिटरमध्ये शब्द सुचवणारं तिचं प्लगइन इतरांनी लिहिलेल्या तयार कोडच्या दोन पॅकेजेसच्या आधाराने चालायचं, एक माझं आणि एक आमच्याच टीममधल्या समीरचं. त्या यादीतून माझं तिने काढून टाकलं होतं.

"अरे, तुझ्यातलं एकच फंक्शन लागायचं. पाच ओळींत मीच लिहिलं."

मी "छान" म्हणालो. परावलंबन कमी करावं, हे तिला मीच शिकवलं होतं. तरी पंगतीत वाढायला उठावं आणि कुणी "बसा, झालंय सगळं" म्हणावं, तसं वाटलं.

"आणि समीरचं?"

"त्याच्यावाचून नाही रे चालत."

जागेवर येऊन मी समीरचं पॅकेज उघडलं. तेही किती ओळींत लिहिता येईल, बघत बसलो.