मुक्ताच्या माहेरची वाट

१९३१ च्या सुमारास मी बार्शीजवळच्या डोंगरातल्या एका गावी मास्तर होतो. शाळेमागून एक पायवाट खिंडीत चढे. वर उभं राहिलं की अलीकडे आमचं गाव, पलीकडे चिंचांच्या गर्दीतली वाडी आणि हवा स्वच्छ असली तर लांबवर बार्शीच्या छोट्या रेल्वेचा धूर दिसे.

त्या वाडीत आमच्या गावच्या धोंडीरामची एकुलती लेक मुक्ता दिली होती. त्या आषाढात दरड कोसळून वाट बुजली. पंचमीला लेकीला माहेरी आणायला भाऊ जातो. मुक्ताला भाऊ नव्हता, म्हणून दरडीवरून सरपटत धोंडीरामच वाडीत गेला. तिची सासू बजाबाई फटकळ.

“पाव्हणं, तुमी माकडावानी आलासा. माझी सून तान्हं घिऊन कशी येणार?”

“वाट करतो की, विहीणबाई.”

“कवा? पुढल्या पंचमीला?”

धोंडीराम रागावला नाही. रोज पहार घेऊन तो दरडीवर जाई, धोंडे हलवी, सपाट दगडांच्या पायऱ्या बसवी. पायऱ्या त्यानं मुद्दाम बुटक्या ठेवल्या, कडेवर मूल असलेल्या बाईला सहज चढता येईल अशा. इतक्या मायेनं केलेलं काम मी क्वचितच पाहिलं.

पंचमीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं खिंडीत थांबलो होतो. नातवाला कडेवर घेऊन बजाबाई स्वतःच चढून आल्या, मागून मुक्ता. बाळाला त्यांनी धोंडीरामच्या हाती दिलं.

“वाट लई चांगली झालीया,” त्या म्हणाल्या. “पण पंचमी झाली की पोरीला लगीच धाडा. न्हायतर आता मलाबी न्यायला येता येतंय.”