नऊच का?

प्रमिला घरत गेली हे मला शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती. बातमीखाली भराभर जोडलेले हात उमटत होते आणि त्यांत पहिले हात होते आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे. ते बघून मला रडू आलं नाही, राग आला. राग निवला की मगच तिच्यावर लिहायचं असं ठरवलं होतं. महिना होत आला, निवण्याचं काही चिन्ह नाही... तेव्हा असाच लिहिते.

प्रमिला आमच्या हायस्कुलात गणित शिकवायची, मी मराठी शिकवते. आमची शाळा रेवसच्या रस्त्याला, पण मुलं येतात ती आतल्या भातशेतीच्या गावांतून. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. गणिताचं आणि माझं लहानपणापासून वाकडं. ते ठाऊक असल्यामुळे ती मुद्दाम एखादं पुस्तक माझ्या डब्याशेजारी सरकवायची आणि म्हणायची, "वाच. तुला कळलं तर कोणालाही कळेल." मी चिडायचे, ती हसून माझ्याच डब्यातली सुकटीची चटणी संपवायची. वर्गात मात्र ती कडक होती, मुलं तिला टरकून असायची.

लावणी सुरू झाली की आमचे वर्ग अर्धे रिकामे होतात. मुली तर हमखास गायब. आम्ही बाकीचे हजेरीपटावर गैरहजेरी मांडून मोकळे व्हायचो. प्रमिला त्या मुली परतल्या की त्यांना मधल्या सुट्टीत बोलावून घ्यायची, पण लगेच शिकवायची नाही. बुडलेला धडा आधी त्यांनाच वाचायला लावायची. "अडलीस की तिथे बोट ठेव," एवढंच सांगायची. बोट थांबलं की त्या ओळीपाशी पेन्सिलीने एक ठिपका द्यायची आणि मग समजावायला बसायची. मी एकदा विचारलं, पोरींच्या चुका अशा कशाला टिपतेस? तर माझ्यावरच उखडली. "पोरींच्या कशाला? पुस्तकाच्या टिपते. वर्गात बसलेल्यांना मी आहे. पुस्तक असतं ते वर्गात नसलेल्या पोरीसाठी."

दोन वर्षांमागे संस्थेने ठरवलं की सरकारी पुस्तकाच्या जोडीला दहावीच्या मुलांनी गणिताच्या स्पष्टीकरणाचं आणखी एक पुस्तक घ्यावं. प्रकाशकांच्या नमुना प्रती येऊन पडल्या. त्या वर्षीच्या लावणीनंतर प्रमिलाने त्या सगळ्या प्रती परतलेल्या मुलींच्या हाती फिरवल्या. बहुतेक पुस्तकांत बोटं एकाच जागी अडत होती. क्षचा वर्ग अधिक सहा क्ष, आणि लगेच पुढची ओळ : दोन्ही बाजूंस नऊ मिळवू. नऊच का, आठ का नाहीत, याबद्दल अवाक्षर नाही. एका पुस्तकाने मात्र त्यासाठी अर्धं पान खर्च केलं होतं. कोपरा तुटलेल्या चौकोनाची आकृती काढून, सहाचं निम्मं तीन, तिनाचा वर्ग नऊ, आणि तेवढाच तुकडा लावला की चौकोन पुरा होतो, हे शांतपणे सांगितलं होतं. काळी-पांढरी छपाई, मळकट कागद, रूप अगदीच बेताचं. पण त्यात ठिपके जवळजवळ नव्हतेच. ते मलासुद्धा कळलं, यावर आणखी काय सांगू!

पुस्तक ठरवायच्या सभेला इतिवृत्त लिहायला म्हणून मी हजर होते. अध्यक्षांनी आमचं मळकट पुस्तक दोन बोटांत धरून उलटंसुलटं केलं. "बाई, यान एक तरी रंगीत चित्र हाय का? आजचे पोरांना चकचकीत पायजे. आन् त्या दुसऱ्या पुस्तकावर डिजिटल फळा फुकट देतान." प्रमिला म्हणाली, "साहेब, फळा वर्गातच राहतो. पोरगी शेतात असते." सगळे हसले. अध्यक्ष म्हणाले, "शेतान असनारी पोरगी दहावीला काय दिवे लावनार? आन् अडला तं तुमी हाव ना शिकवाला!" चहा आला, ठराव झाला. मी तो सुवाच्य अक्षरात लिहिला.

फळा पहिल्याच पावसात बंद पडला, आता त्याच्यावर चादर असते. गेल्या दिवाळीनंतर प्रमिलाचं दुखणं निघालं. रेवसहून लाँचने मुंबई, उपचार, पुन्हा लाँच, असं तिचं सुरू झालं. तिच्या जागी कोणी आलंच नाही. गणिताच्या तासाला पीटीचे सर वर्गात शिट्टी घेऊन बसायचे आणि मुलांपुढे ते चकचकीत पुस्तक उघडं असायचं. धक्क्यावर लाँचची वाट बघताना प्रमिला फोनवरून मुलांना उदाहरणं सांगायची. धाप लागायची, मग नवरा हातातून फोन काढून घ्यायचा. निकाल लागला तेव्हा गणितात किती मुलं नापास झाली हे तिला सांगायला कोणी धजेना. शेवटी मीच गेले. तिने सगळं ऐकून घेतलं आणि भिंतीकडे बघत म्हणाली, "मुलांचा नाही गं, पुस्तकाचा निकाल लागला. आणि तो लागायला मलाच गैरहजर राहावं लागलं..." त्यानंतर ती मला भेटली नाही.

शोकसभेत तिचा हार घातलेला फोटो त्याच बंद फळ्याला टेकवून ठेवला होता. "घरतबाईंसारखं सोपं करून सांगनारा मानूस पुन्हा होने नाय," असं अध्यक्ष म्हणाले, आणि डोळेही पुसले. खरंच पुसले. खोटे पुसले असते तर मला इतकं लागलं नसतं.

मागच्या आठवड्यात दहावीतली नम्रता लावणी उरकून शाळेत आली. बोटांच्या बेचक्या चिखलाने खाल्लेल्या. प्रमिलाबाई नाहीत हे ठाऊक असूनही सवयीने स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. मला गणित येत नाही. मी प्रमिलाच्या खणातून ती मळकट नमुना प्रत काढली, तिला शेजारच्या रिकाम्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, अडलीस की बोट ठेव. हातात पेन्सिल घेऊन मी वाट बघत बसले. तिचं बोट ओळीओळीने सरकत राहिलं, चौकोनाच्या आकृतीपाशी जरा रेंगाळलं, पुन्हा पुढे गेलं. पान संपलं. ठिपका द्यायची वेळच आली नाही.

"बाई, नऊ कशाला मिळवायचे ते ह्यात सांगितलंय हो," ती म्हणाली. मग पुस्तक मिटून तिने त्याचं कव्हर नीट बघितलं. "मग आमाला हे का न्हाय दिलं?"