जिथे भिंत बद्द वाजली

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, पुणे शहरास समुद्र नाही. तरीही हडपसरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये जहाजांच्या भिंती तयार होतात, आणि अशाच एका भिंतीवर मला, वय वर्षे एकावन्न, पाहुण्यांसमोर डफडं वाजवायला लावण्यात आलं.

डफडं म्हणजे ती भिंतच.

काचेच्या धाग्यांचं कापड, त्यावर रेझिन, मध्ये फोम, पुन्हा कापड. वाळलं की लोखंडापेक्षा हलकं, आणि गंज नाही. बावीस वर्षं मी हेच थर चढवतोय. तपासायची आमची रीत साधी. जुनं जाड पाच रुपयांचं नाणं घ्यायचं आणि वीतवीत सरकत ठोकत जायचं. थर चिकटलेले असले तर टण्ण. आत सुटले असले तर बद्द, तडा गेलेल्या मडक्यासारखं. ह्या कामात माझा कान सगळी शेड मानते.

त्या दिवशी गिऱ्हाईक आलं होतं. दोन अधिकारी, आणि त्यांच्या मागे बोटीवरचा म्हातारा तांडेल. आमचे साहेब माझ्याहून दहा वर्षांनी लहान. म्हणाले, "काका, जरा वाजवून दाखवा पाहुण्यांना. तुमच्या रक्तातच आहे ते."

पाहुण्यांना कळेना. मग साहेबांनी समजावलं. माझे आजोबा विदर्भातल्या गावात दुसऱ्यांच्या वरातीपुढे डफडं बडवायचे, शिळ्या भाकरीवर. हे साहेबांना कुणी सांगितलं? मीच. चहाच्या वेळी, हातवारे करून, रंगवून. शेवट मात्र साहेबांनी गाळला. छप्पन्न साली आजोबांनी धम्म घेतला आणि त्याच दिवशी डफड्याचं कातडं विळ्यानं फाडलं. त्यानंतर आमच्या घरात कुणी ते हातात धरलं नाही.

पाहुणे हसले. मीही हसलो. हे सांगताना माझीसुद्धा जीभ अडते. हसलो, आणि ठोकायला लागलो. एका अधिकाऱ्याने तालावर मान डोलावली.

टण्ण. टण्ण. टण्ण. बद्द.

ताटाएवढी जागा. मी थांबलो. म्हणालो, साहेब, इथे थर सुटलाय.

"काका, तुम्ही फक्त वाजवा. ऐकायचं काम आमचं."

पुन्हा हशा.

लोखंड आधी वाकतं, दाखवतं. हे काही दाखवत नाही. लाटांचा मार बसत गेला की ताटाची परात होते, आणि एक दिवस भिंत उघडते. साहेबांना हे माझ्याहून जास्त ठाऊक. पण ट्रक दारात उभा होता.

जेवणानंतर तपासणीचा कागद आला. त्याच्यावर माझी सही लागते. मी पेन खाली ठेवलं.

"ऐकायचं काम तुमचं, तर सहीही तुमचीच."

साहेब गोड हसले. माझ्या सहीवाचून कुठलं जहाज बुडत नाही म्हणाले, आणि सुपरवायझरची सही घेतली. मला घासकामावर धाडलं. तिथली काचेची धूळ सदऱ्यात शिरते, दहा अंघोळींनी जात नाही. खाजवत उभा राहिलो आणि भिंत ट्रकवर चढताना बघितली. मला विचारणारं कुणी नव्हतं. शेडमध्ये मी सांगावं असंही कुणी नव्हतं. भिंत गेली.

आता ठरलंय. पाहुण्यांपुढे वाजवणार नाही. बद्द वाजेल तिथे लाल गोल काढणार. पुसला तर पुन्हा काढणार. नोकरी गेली तर त्या गोलापायी गेली म्हणून सांगेन, आणि तेही शेवटासकट.

आणि हो, ट्रक निघण्याआधी एक गोष्ट झाली. घासकाम सोडून मी ट्रकपाशी गेलो आणि नाणं तांडेलाच्या हातात दिलं. जागा बोटाने दाखवली. त्याने स्वतः ठोकलं. एकदा बाजूला, तीनदा तिथेच. साहेब उभे, अधिकारी उभे. कुणी हसलं नाही. म्हाताऱ्याच्या तोंडून निघून गेलं,

"अहो, ह्या भिंतीला डोकं लावून मी निजणार आहे."