ठाण्यात जमा केलेली ठासणीची बंदूक

निवडणूक लागली की लायसनच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. आमच्या पाड्यावर बंदूक एकच, माझी. म्हणजे बापाची; मी फक्त लायसनवर नाव लावून घेतलं. ठासणीची आहे. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, गजाने दाबून दाबून ठासायची, वर छर्रे. भातात डुकरं शिरली की बार काढायचा. डुकरं पळतात. मी पण थोडा पळतो.

बाहेरून बघून बंदूक भरलेली का रिकामी ते देवाला पण कळत नाय. म्हणून बापाचा नियम होता, ठासली की घोड्याला लाल चिंधी बांधायची.

त्या दिवशी मी बंदूक तेल लावून पुसली. ठाण्यात चार माणसांत बरी दिसली पाहिजे ना! चिंधी मळकी दिसत होती, ती सोडून टाकली. तलासरीला गेलो, जमा केली, पावती घेतली, ऐटीत घरी येऊन जेवायला बसलो.

बायको म्हणाली, "चिंधी कोणी सोडली?"

"मीच. घाण दिसत होती."

"आणि बार कधी काढला?"

परवा ठासली होती, हे नक्की. डुकरं आली नाय, हे पण नक्की. मग बार निघाला कुठून? बापाने एवढी वर्षं सांभाळलेलं लायसन मी एका पुसण्यात घालवणार. आणि तिकडे कोणी गमतीत घोडा ओढला तर?

हात न धुताच टमटम पकडली. ठाण्याच्या गेटपर्यंत गेलो, परत फिरलो. चहा घेतला. पुन्हा गेलो, पुन्हा फिरलो. पुन्हा चहा. तिसऱ्यांदा गेटातून आत डोकावलो.

टेबलाशी बसलेल्या हवालदार म्याडम ओरडल्या, "ओ काका, तिसरी फेरी! काय हरवलंय?"

"काय नाय म्याडम. बंदूक बरी आहे ना?"

"तिला काय ताप आलाय?"

"नाय, तिचं तोंड भिंतीकडे आहे का माणसांकडे?"

म्याडम उठून उभ्याच राहिल्या. मग मी सगळं सांगितलं.

बंदूक मागच्या अंगणात नेली. रिकाम्या नळीत गज पूर्ण आत जातो. हा चार बोटं बाहेर राहिला. सगळं ठाणं जीपच्या मागे गेलं. मी पण जाणार होतो, पण बंदूक माझ्याच हातात होती. नळीत बादलीभर पाणी ओतून दारू भिजवली तेव्हा कुठे लोक बाहेर आले.

म्याडमनी जबाब घेतला. "चिंधी का सोडली?"

"बंदूक सुंदर दिसावी म्हणून."

त्यांनी तसंच लिहिलं. मी अंगठा दिला.

मोठ्या साहेबांनी जबाब वाचला, माझ्याकडे बघितलं, परत वाचला. मी लायसन घट्ट धरून उभा.

"राहू दे ते तुझ्याकडे," साहेब म्हणाले. "स्वतःहून सांगायला आलास. आणि खोटं बोलायला अक्कल लागते, ती तुझ्याकडे दिसत नाय."

घरी येऊन बायकोला सांगितलं, साहेबांनी माझी तारीफ केली.