मधला स्पिंडल

फिटरकाकांचं दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. पाण्याचे पंप, जनरेटर, शिलाई मशिनच्या मोटारी, काय वाट्टेल ते तिथं यायचं आणि धडधाकट होऊन जायचं. मी शाळेत कारकून, त्यामुळे काही बिघडलं की त्यांच्याकडे जाणं माझ्याच नशिबी. काका कामात चोख, पण जीभ तिखट. दुसऱ्याच्या हातचं काम उघडलं की विचारायचे, "हे केलंय की उरकलंय?"

शाळेच्या मैदानासाठी गवत कापायचं एक जुनं यंत्र होतं, बसून चालवायचं. त्याच्या पोटाखाली लोखंडी डेक, म्हणजे पात्यांवरचं रुंद झाकण. आत तीन पाती. प्रत्येक पातं एका उभ्या दांड्यावर फिरायचं, तो स्पिंडल. आणि प्रत्येक स्पिंडलला वर एक, खाली एक अशी बेअरिंगं. हे यंत्र चालवायच्या माळीणबाई. आधी नुसतं पाणी घालायचं काम होतं त्यांच्याकडे. यंत्र त्या बघून बघून, चुकत माकत शिकल्या, आणि सीटवर बसल्या की त्यांची मान अशी ताठ व्हायची की शिपाई त्यांना 'पायलट' म्हणायचा.

एक दिवस त्या स्वतःच काकांकडे गेल्या. "काका, मधलं पातं घरघरतंय. टोक धरून हलवलं तर वरखाली होतंय."

"बेअरिंग गेलं असणार. ठेवून जा."

काकांनी डेक उलटा केला, तिन्ही स्पिंडल काढले, जुनं ग्रीस खरवडून धुतलं. दोन स्पिंडल ठीक होते. नवी बेअरिंगं ठोकून बसली. मधल्यावर मात्र नवं बेअरिंग बोटानंच सरकन खाली गेलं. दांडा झिजला होता. आता एकच मार्ग, लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, नवा दांडा करून घ्यायचा. आणि गावात धड लेथ एकच होता, काकांच्या धाकट्या भावाचा.

दोघांत सहा वर्षं बोलणं नव्हतं. भांडण जमिनीचं नाही, वाटणीचं नाही. एकदा चार गिऱ्हाइकांसमोर धाकटा म्हणाला होता, "दादा, तुझं माप चुकलंय." माप खरंच चुकलं होतं. तेच काकांना सोसलं नाही.

म्हणून काकांनी पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, घेतला आणि झिजलेल्या जागी हातोडीनं गोलाकार ठिपके मारले. ठिपक्याच्या कडेचं लोखंड किंचित वर येतं आणि बेअरिंग घट्ट बसल्यासारखं वाटतं. चार दिवस. ही युक्ती करणाऱ्यांना काका आयुष्यभर नावं ठेवत आले होते.

"नव्यासारखं केलंय," त्यांनी माळीणबाईंना सांगितलं.

बाराव्या दिवशी, मुलं वर्गात असताना, मैदानातून मोठा आवाज आला. मधलं पातं तिरकं होऊन डेकच्या पत्र्यात घुसलं होतं आणि पत्र्याचा एक तुकडा उडून माळीणबाईंच्या डाव्या नडगीवर बसला होता. सात टाके पडले. त्या पुन्हापुन्हा म्हणत होत्या, "दगड नव्हता हो तिथं. मी बघूनच चालवते." पण पात्याला खोक पडलेली दिसत होती, आणि दगडाशिवाय खोक पडते का, असं सगळ्यांचं म्हणणं. मुख्याध्यापिकांनी चूक लिहून द्यायला सांगितलं. कागद मीच पुढे सरकवला. "माझं लक्ष नव्हतं," असं त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं आणि सही केली. मी तो फाइलला लावला.

यंत्र परत काकांकडे गेलं. मधला स्पिंडल बाहेर काढताच त्यांना कळलं, खोक दगडाची नव्हे, डेकच्या पत्र्याची. ठिपके घासून गुळगुळीत झाले होते, बेअरिंग तापून निळं पडलं होतं. मी तिथंच उभा होतो.

"दगडच ना?" मी विचारलं.

काका हात पुसत राहिले. मग म्हणाले, "असेल."

चार दिवस काकू ताट वाढायच्या, ते अर्धं टाकून उठायचे. पाचव्या दिवशी माळीणबाई लंगडत दुकानाच्या पायरीशी आल्या. काकांना वाटलं, कळलं हिला.

"काका," त्या म्हणाल्या, "एवढी मेहनत केली होतीत तुम्ही. माझ्यामुळे वाया गेली. राग धरू नका."

काका मला नंतर म्हणाले, "तिनं चप्पल मारली असती तर बरं झालं असतं. जमीन दुभंगावी म्हणतात ना, ते तेव्हा कळलं."

दुसऱ्या दिवशी शाळा भरायच्या वेळी ते ऑफिसात आले, फडक्यात गुंडाळलेला स्पिंडल मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "माळीणबाईंना बोलवा. त्यांच्यासमोरच बोलतो."

त्या आल्यावर काकांनी सगळं सांगितलं. पंच, ठिपके, भाऊ, सगळं. मान वर न करता.

माळीणबाई म्हणाल्या, "टाक्यांचं काही नाही, काका. जखम भरेल. पण मी खरं बोलत असताना मला खोटं लिहायला लागलं. आणि काल मी तुमचीच माफी मागितली. तुम्ही मागू दिलीत."

"हो," काका म्हणाले. "मागू दिली."

मुख्याध्यापिकांनी तो जुना कागद काढून माळीणबाईंच्या हातात दिला. त्यांनी फाडला. काकांनी कोरा कागद मागून घेऊन त्यावर आपली चूक लिहिली. कधी न लिहिणारा हात, दोन ओळींना पाव तास लागला. तो फाइलला लावताना माझेही कान तापले होते. पहिला कागद पुढे करणारा मीच होतो.

तिथून काका थेट धाकट्याकडे गेले. धाकट्यानं लेथ बंद केला, स्पिंडल उचलला, झिजलेल्या जागेवरून नख फिरवलं.

"दादा, हे तू केलंस?"

"मीच."

धाकटा टोमणा मारेल म्हणून काका जीव मुठीत धरून उभे होते. त्यानं मारला नाही. वहिनी कशी आहे एवढं विचारलं आणि मापाचं यंत्र पुढे केलं. "घे माप."

"तूच घे," काका म्हणाले.

नवा दांडा बसला, डेकच्या भोकावर ठिगळ वेल्ड झालं. टाके निघाल्यावर माळीणबाई पुन्हा यंत्रावर बसल्या. काका यंत्राला खेटूनच चालू लागले, कान खाली लावून.

"लांब व्हा, काका. पाय जाईल."

काका मुकाट्यानं कुंपणापाशी जाऊन उभे राहिले आणि शेवटचा पट्टा कापून होईपर्यंत उन्हातून हलले नाहीत. जाताना माळीणबाईंनी त्यांच्याकडे बघून मान हलवली. हसल्या मात्र नाहीत.