पंधरा मिनिटांतली माझी पाच

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास माझ्या फोनवर दिनेशचा एक फोटो आला. मासळी विकणाऱ्या बाईचा ओला हात, त्या हातात काच तडकलेला एक जुना फोन आणि फोनवर पांढरंफटक पान. पानाच्या मध्यभागी ते गोल गोल फिरणारं चक्र. सोबत एक शब्दही नाही. ते पान मी लगेच ओळखलं. आमच्या वेब डेव्हलपर्सच्या परिषदेच्या वेबसाइटचं ते पहिलं पान होतं, मी स्वतः महिनाभर खपून केलेलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उत्तर न देता फोन पालथा घातला आणि इडल्या काढायला गेले. साडेअकराला इरफानभाईंचा फोन आला. परिषदेच्या हॉलची, जेवणाची सगळी जबाबदारी त्यांची, त्यामुळे मला वाटलं हॉलचं काही बिनसलं. "मेघनाताई," ते म्हणाले आणि थांबले. "दिनेश गेला. उरण रोडला. ट्रेलरखाली आली बाइक... करंज्याच्या बंदरावरून परत येत होता म्हणे." मी विचारलं, कुठे गेला? एवढं स्पष्ट सांगूनही मी विचारलं, कुठे गेला.

याला आता दीड महिना झाला. दिनेशवर लिहा, असं पुरवणीच्या संपादकांनी सांगितलं तेव्हा मी दोनदा नाही म्हणाले. मला जे लिहायचं आहे त्यात मी फारशी बरी दिसत नाही. पण ते सोडून बाकीचं लिहिलं तर ते दिनेशवर होणार नाही, कुणा भल्या माणसावरचा निबंध होईल, आणि तसले निबंध वाचून तो खदाखदा हसला असता.

दिनेश उरणकडच्या एका आगरी घरातला. वडिलांचं मिठागर होतं. ते गेलं, तिथे गोदामं उभी राहिली, पुढे वडीलही गेले आणि हे मायलेक रोडपालीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मी लग्न होऊन पुण्याहून नवीन पनवेलला आलेली. बेलापूरच्या एका ऑफिसात आमची टेबलं शेजारी होती. मी त्याच्या ईमेलमधल्या इंग्रजीच्या चुका काढायची, तो माझ्या कोडमधल्या काढायचा, आणि त्याला नेहमी जास्त सापडायच्या. परिषदेची कल्पना त्याचीच. मोठ्या शहरातल्या अशाच एका परिषदेहून परत येताना बसमध्ये तो मला म्हणाला, "दिवसभर आपण माना हलवल्या. आता खरं सांग, तुला किती कळलं?" मी म्हटलं, निम्मं. "मला त्याच्याही निम्मं. मग आपल्या भाषेत करू ना आपण. पनवेललाच करू." मी हसले होते. यंदा तिसरं वर्ष होतं.

या परिषदेचा एक नियम होता, तोही दिनेशचा. तिथे बोलणाऱ्या प्रत्येकाने आधी रोडपालीला त्याच्या घरी यायचं, लॅपटॉप बंद ठेवायचा आणि उभं राहून आपलं सेशन त्याच्या आईला सांगायचं. काकू खाली बसून सूप घेऊन सुका जवळा निवडत असायच्या. नामांकित कंपन्यांतली माणसं त्यांच्यासमोर घामाघूम झालेली मी पाहिली आहेत. "आईला कळलंच पाहिजे असं नाही," दिनेश सांगायचा, "पण ज्या जागी ती मान खाली घालून पुन्हा जवळा निवडायला लागेल, त्या जागी तुझं सेशन मेलं असं समज." पहिल्या वर्षी मी तिथे उभी राहून वेबसाइट जलद उघडण्यासाठी आधीची माहिती साठवून कशी ठेवतात ते दहा मिनिटं समजावत होते. काकूंनी वर बघितलं. "म्हंजी कालचं कालवन ठेवायचं आनि आज तेच गरम करून वाडायचं. मंग इतका येल कया लावलास?" ते वाक्य मी परिषदेत जसंच्या तसं वापरलं आणि त्या दिवसातला सगळ्यात मोठा हशा घेतला. श्रेय मात्र दिलं नाही.

यंदा सेशन निवडायचं काम माझ्याकडे होतं आणि ते माझ्या डोक्यात गेलं होतं. आलेले विषय एकाहून एक नवे, झगझगीत. त्यांत दिनेशने चाळीस मिनिटं मागितली होती आणि विषय काय, तर पान उघडेपर्यंत माणूस काय करतो. आपण वेबसाइट किती जड करतो, आणि साध्या फोनवर, अर्धवट रेंजमध्ये ती उघडता उघडत नाही, हे सांगायचं होतं त्याला. गुरुवारी संध्याकाळी इरफानभाईंच्या ऑफिसात आम्ही बसलो होतो. मी म्हटलं, "हे दहा वर्षांपूर्वीचं झालं, दिनेश." तो म्हणाला, "ज्याच्या हातात फोन आहे त्याला विचार." मला राग आला, कारण वेबसाइट माझी होती आणि हे बोलणं मला लागलं. "कुणाकडे आहेत असले फोन आता? एक माणूस दाखव मला. नुसतं बोलू नकोस, दाखव." इरफानभाई मध्ये पडायला बघत होते. दिनेशने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. "दाखवतो," म्हणाला. मी त्याच्यासमोरच वेळापत्रकात चाळीसचे पंधरा केले आणि ते सेशन जेवणानंतर टाकलं, लोक पेंगतात त्या वेळेला. ती आमची शेवटची भेट.

म्हणजे दिनेश करंज्याला का गेला होता हे मला माहीत होतं. मासळीचा लिलाव पहाटेपासून असतो, बायका तिथे असतात, त्यांच्या हातात तसले फोन असतात. तो मला एक माणूस दाखवायला गेला होता आणि त्याने तो दाखवलाही. फोटो माझ्या फोनमध्ये होता. स्मशानात, नंतर दहाव्याला, बाराव्याला सगळे एकमेकांना विचारत होते, अरे पण हा रविवारी सकाळी तिकडे कशाला गेला? मी त्या घोळक्यात उभी राहून मान हलवत होते. काकूंच्या नजरेला नजर देत नव्हते. कुणी फोन बघायला मागितला तर, या भीतीने फोटो पुसून टाकायचा विचार माझ्या मनात आला होता. हो, आला होता.

परिषद रद्द करायची का, यावर एकदाच बोलणं झालं. इरफानभाई म्हणाले, "त्याची अमानत आहे ही. अर्धी टाकली तर त्याला काय तोंड दाखवू?" तेव्हा ठरलं, करायची, आणि दिनेशचं सेशन मी सांगायचं. नाही म्हणायला मला तोंडच नव्हतं. पण सेशन होतं कुठे? प्रत्येकाने आपलं काम रोजच्या रोज सगळ्यांच्या सामायिक जागेत चढवून ठेवायचं, यासाठी दिनेश आमच्या मागे हात धुऊन लागायचा. त्याचा स्वतःचा फोल्डर उघडला तर आत एकच फाइल, तीत त्याचं नाव आणि विषय, खाली काही नाही. सगळं त्याच्या लॅपटॉपमध्ये, आणि लॅपटॉपला त्याचा तो लांबलचक पासवर्ड. तो कुठेही लिहून ठेवायचा नाही, हीसुद्धा आम्हाला त्यानेच दिलेली शिकवण. आमच्या धंद्यात ही चूक घरोघरी होते. माझ्या मशिनवर तर आहे, उद्या चढवतो, असं प्रत्येक जण म्हणतो. मी चार दिवस अंदाजाने पासवर्ड टाकत बसले आणि शेवटी तो लॅपटॉप उघडायचाच बंद झाला. परिषदेला नऊ दिवस उरले होते. ते सेशन संपूर्ण ऐकलेलं माणूस जगात एकच होतं, आणि नेमकं त्याच माणसासमोर जायची मला छाती नव्हती.

तेरावं होऊन गेल्यावर, एका दुपारी मी रोडपालीला गेले. जिन्यात दोनदा थांबले. काकूंनी दार उघडलं, "बस गो," म्हणाल्या आणि पाणी आणलं. मी सरळ विचारलं, दिनेशचं सेशन तुम्हाला आठवतंय का. त्यांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं. मग खिडकीपाशी, सगळे उभे राहायचे त्या जागी जाऊन उभ्या राहिल्या आणि पदर खोचून सुरू झाल्या. "एक बाई हाय. तिच्या हातान फोन हाय. तिला येक अर्ज भरायचा हाय नि बोट आता लागंल, लिलाव चालू होल. पान काय उगरत नाय. ती काय करतं? ती फोन बंद करतं. तिला वाटतं, मनाच येत नाय फोन वापराया. चूक तुमची, नि लाज तिला." मी वही काढून लिहीत होते. काकू शब्दाशब्दाला दिनेशसारखा हात हलवत होत्या. आकडे त्यांना आठवत नव्हते, "हितं त्यानं काय काय मोजलान" एवढंच म्हणून पुढे जायच्या. अर्धं झालं आणि त्या गप्प झाल्या. मला वाटलं, भरून आलं असेल. तर त्या नुसत्या दाराकडे बघत उभ्या होत्या... एक मिनिट, दोन मिनिटं.

"पुढे काय, काकू?"

"हितं त्यो गप उबा ऱ्हायचा. मी बोलले, कया रं थांबलास? त्यो बोलला, हितं मेघना बोलनार हाय, ती बोलल्याबिगर ऱ्हानार नाय. तिचं होऊ दे, आये." काकूंनी पदराने तोंड पुसलं. "आदी ह्या सगला लांब होता. मंग तू पंधरा मिन्टं केलीस तवा त्यानं बसून बसून कापला. पन तुजी पाच मिन्टं काय कापली नाय. मी बोलले, तीच काप ना. तर बोलतं कसा, तिच्याबिगर मना अडवनार कोन?"

मला रडू आलं, आणि त्याच भरात मी बोलून गेले. म्हटलं, काकू, मीच त्याला म्हणाले होते, दाखव म्हणून. म्हणून तो करंज्याला गेला. खालून कुणाच्या तरी कुकरची शिट्टी ऐकू आली. आता त्या मला ऊठ म्हणतील, अशी तयारी करून मी बसले होते, आणि खरं तर मला तेच हवं होतं.

"ठावं हाय मना," काकू म्हणाल्या. "सांगूनच गेलता. हसत गेलता, मेघनाला हरवून येतो बोलला." माझा पाण्याचा ग्लास उचलत म्हणाल्या, "तुजा राग आलता मना. अजून हाय. पन त्यानं तुजी जागा ठेवलीय. ती मी कशी काडू?"

ते नऊ दिवस कसे गेले सांगता येत नाही. दिवसा मी वेबसाइटचं पहिलं पान नव्याने लिहीत होते. हलती चित्रं काढली, उलटी मोजणी करणारं घड्याळ काढलं, माझ्या आवडीचं एकेक काढून टाकलं. एक जुना फोन मिळवून त्याच्यावर ते उघडतं का बघत होते. इरफानभाई म्हणाले, दिनेशला चाळीस मिनिटं देऊन टाका. मी नाही म्हटलं. त्याने पंधरात बसवलं होतं, ते पंधरातच होणार होतं.

परिषदेला काकू आल्या. उरणच्या नातेवाइकांना ते पटलं नव्हतं, मुलगा जाऊन महिना झाला नाही आणि ही कसल्या समारंभाला निघाली म्हणून. त्या मागच्या रांगेत कडेला बसल्या. जेवणानंतरचं सेशन, पण कुणी पेंगत नव्हतं. मी करंज्याचा तो फोटो पडद्यावर लावला आणि काकूंनी सांगितलं तसं सांगत गेले. ती जागा जवळ येत होती. ती आली आणि मी थांबले. काय बोलायचं ते लिहून आणलं होतं, कागद हातात होता, तरी तोंडातून शब्द फुटेना. लोकांना वाटलं मी विसरले. कुणीतरी हळूच टाळ्या वाजवून धीर द्यायला लागलं. तेवढ्यात मागून आवाज आला, स्वच्छ, घरात बोलावं तसा. "मेघना, हितं तुजं हाय. बोल."

मी बोलले. कुणाकडे आहेत असले फोन, हे मी दिनेशला कसं म्हणाले होते, का म्हणाले होते, आणि त्यानंतर काय झालं, सगळं. त्याने ठेवलेली पाच मिनिटं मला पुरली नाहीत.

करंज्याला मी अजून गेलेले नाही. तो रस्ता मला जमत नाही. रोडपालीला मात्र जाते. पुढच्या महिन्यात मला एका कॉलेजात बोलायचं आहे, म्हणून परवा काकूंसमोर उभी राहिले. त्या मटार सोलत होत्या. मी बरंच घाईघाईत सांगत होते आणि एका ठिकाणी, जिथे मी थोडी लपवाछपवी केली होती, तिथे त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "गप जरा," म्हणाल्या. दोघी गप्प बसलो. त्या खिडकीकडे बघत होत्या, मी पण बघायला लागले. इथे दिनेशने मला काय विचारलं असतं, ते मला नीट कळत होतं. मग काकूंनी पुढची शेंग उचलली.

"हां, झालं त्याचं," त्या म्हणाल्या. "बोल फुडं."