डुलकीवर ठरणारी नोकरी

माझा मामा मालट्रकच्या अड्ड्यावर ड्रायव्हर निवडायचा. आधी तो स्वतःच ड्रायव्हर होता, पण गुडघा कामातून गेला. मालकानं त्याला फाटकाजवळच्या पत्र्याच्या खोलीत खुर्ची दिली आणि सांगितलं, आता माणसं तू पारखायची. डिझेल, सुतळी आणि बिडीचा वास त्या खोलीत मुरलेला. मामा आमच्याकडं आला की आई आधी त्याला न्हाणीत पिटाळायची. तो वास आता कुठं आला, की माझे पाय आपोआप थांबतात.

त्याची परीक्षा जगावेगळी. लायसन, बिल्ला बघून झाला की तो भरलेली गाडी काढायला लावायचा. आपण शेजारच्या सीटवर बसायचा, टॉवेलची घडी डोक्याखाली घ्यायचा. घाट चढायचा, वरच्या नाक्याला वळसा घालायचा आणि परत. तेवढ्यात मामाला डुलकी लागली तर गडी पास. नाही लागली, तर चहा पाजून वाटेला लावायचा. म्हणायचा, गिअर-ब्रेक दाखवायला काय, कुणीही दाखवतं; अंगाला भरवसा वाटल्याशिवाय डोळा लागत नाही. एका बेरक्यानं परीक्षेआधी मामाला तुडुंब जेवू घातलं. मामानं ताट चाटूनपुसून खाल्लं आणि गाडीत टक्क जागा राहिला, कारण पठ्ठ्या उतारावर गाडी न्यूट्रल करत होता.

मग वडिलांचा कारखाना बंद पडला. त्यांनी हात-पाय हलवून हेवीचं लायसन काढलं, चार महिने दुसऱ्याच्या गाडीवर हात बसवला आणि अड्ड्यावर अर्ज केला. घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. आईनं मामाला, आपल्या धाकट्या भावाला, बजावलं, "झोप येवो न येवो, डोळे मिटून पड." मामानं नुसती मान खाजवली.

गाडी घाटातून जाऊन आली. मामाचा डोळा काही लागला नाही. उलट सगळ्या रस्त्यात त्याचा पाय खाली नसलेला ब्रेक दाबत होता. उतरून तो म्हणाला, दाजी, जमलं नाही. कुठं चुकलं, हे मात्र त्याला सांगता येईना.

आईनं सख्खा भाऊ पक्का वैरी म्हणून दार लावून घेतलं. मामा दोनदा येऊन ओट्यावरूनच माघारी गेला.

शेवटी वडीलच त्या पत्र्याच्या खोलीत जाऊन बसले. एक चूक दाखव, म्हणाले, उद्यापासून हमाली करतो. मामानं टेबलावरचा पाना उचलला, ठेवला, परत उचलला.

"चूक नाही दाजी. गाडी लोण्यासारखी चालवलीत. पण वळण आलं की ताई डोळ्यापुढं उभी. झोप कुठून येणार?"

"मग नापास कोण झालं? मी का तू?"

मामानं पाना खाली ठेवला. मग त्यानं फिटरला हाक मारली. या फिटरला सगळे घुबड म्हणायचे. घरच्या गादीवरही त्याला धड झोप येत नसे. मामानं टॉवेल त्याच्या हातात दिला आणि त्याला वडिलांच्या शेजारी गाडीत बसवलं. आपण दुखऱ्या गुडघ्यावर फाटकाशी उभा. हमाल म्हणाले, बस की जरा. बसला नाही.

गाडी आली ती हळूच. वडील उतरले, ओठांवर बोट ठेवून. आत घुबड तोंड उघडं टाकून घोरत होतं. मामानं कुणाला त्याला उठवू दिलं नाही. सरळ मालकाकडं गेला आणि सांगितलं, माणूस घेतलाय. माझा मेव्हणा आहे, पण परीक्षा फिटरनं घेतली.

पुढं अड्ड्यावर तशीच रीत पडली. कुणाच्याही नात्यातला गडी आला, की नातेवाइकानं बाजूला व्हायचं आणि शेजारच्या सीटवर फिटर.

वडिलांनी पुढं बावीस वर्षं गाडी चालवली. मामा त्यांच्या शेजारी पुन्हा बसला नाही. सगळ्यांना मिळून वडिलांच्या गाडीतून परगावी जायचं असलं तरी तो आपला बस धरायचा. पोचल्यावर वडील मुद्दाम विचारायचे, काय मेव्हणे, झोप झाली का झकास?

"कसली झोप," मामा म्हणायचा, "मागच्या काचेतून तुमची गाडी दिसतेय का बघत होतो."